मेडलसोबतचा कागद: तीन पार्सलं आणि माझा अनुभव

दोन वर्षांत एकाच दुकानाकडून तीन पार्सलं मागवली, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं मी धरून चालतो. दुकानाचं नाव देत नाहीये, कारण एका पार्सलात माझी चांगलीच पंचाईत झाली होती आणि ते प्रकरण मी माझ्यापुरतं मिटवलंय, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला. एवढंच सांगतो की मध्य युरोपातलं दुकान आहे, जुनी मेडलं विकतात, वर्षातून काही वेळा ऑनलाइन लिलाव असतो आणि मधल्या काळात वेबसाइटवर फिक्स रेटने माल असतो. मी त्यांच्याकडून घेतो ती फक्त उस्मानी तुर्कांची आणि इराणच्या काजार शहांची मेडलं, आणि तीसुद्धा सोबतच्या कागदासकट. कागद नसेल तर आता मी बघतही नाही.

हे खूळ कसं लागलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मुंबईच्या चोर बाजारात एकदा एक काळपट ब्राँझचा तारा मिळाला, मध्ये पिरॅमिड आणि स्फिंक्स, वर १८८२. दुकानदार म्हणाला ब्रूच आहे, मीही ब्रूच समजूनच घेतला. घरी येऊन शोधाशोध केली तर तो निघाला खेदिव्ह स्टार, म्हणजे इजिप्तच्या खेदिव्ह (तिथला राज्यकर्ता) तौफीकने १८८२ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या फौजेला दिलेलं मेडल, आणि त्या फौजेत हिंदुस्तानातून गेलेल्या पलटणीही होत्या. इजिप्त तेव्हा कागदोपत्री तुर्की सुलतानाच्याच ताब्यात. तर तो तारा कोणी लावला असेल, आपल्याकडचा कुणी शिपाई होता की गोरा, पुढे त्याचं काय झालं, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही, कारण हा तारा बिननावाचाच दिला जायचा. इंग्रजांच्या स्वतःच्या मेडलांच्या कडेला बहुतेक वेळा माणसाचं नाव, नंबर, पलटण कोरलेली असते, त्यावरून माणूस शोधता येतो. तुर्की आणि इराणी मेडलांवर सहसा नाव नसतंच. सुलतानाचं नाव असतं, शहाचा सिंह असतो, मिळवणाऱ्याचं काही नाही. त्याचं नाव असतं फक्त कागदावर. तो कागद हरवला की मेडल म्हणजे नुसता दागिना, सोनाराच्या तराजूत जेवढा तेवढाच.

तुर्कांच्या त्या कागदाला बेरात म्हणतात, इराण्यांच्या कागदाला फर्मान. आपल्याकडे ज्यांनी सनदा किंवा इनामपत्रं हाताळली आहेत त्यांना हे प्रकरण अजिबात परकं वाटणार नाही, मला तर पहिल्यांदा बेरात उलगडली तेव्हा मोडी शिकतानाचे दिवस आठवले. वर सुलतानाचा भला मोठा तुघरा, म्हणजे त्याच्या नावाची नक्षीदार मुद्रा, खाली दिवाणी लिपीतल्या ओळी, अक्षरं एकमेकांत अडकलेली आणि प्रत्येक ओळ डाव्या टोकाला होडीसारखी वर उचललेली. ही नुसती शोभा नाही, मध्ये कुणाला शब्द घुसडता येऊ नये हा त्यातला हेतू. आपल्या जुन्या पत्रांत शेवटी 'मर्यादेयं विराजते'चा शिक्का मारून मजकूर बंद करायचे, त्यातलाच प्रकार. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, साधारण अर्थ असा की हा जो उच्च सुलतानी निशाण आणि जग जिंकणारा खाकानी तुघरा, त्याचा हुकूम असा की... आणि तिथून पुढे माणसाचा हुद्दा, त्याची सेवा, कोणत्या दर्जाचं मेडल दिलं ते. अगदी शेवटी तारीख, तीसुद्धा अरबी शब्दांत, आणि खाली कोपऱ्यात 'कोस्तंतिनिये'. हो, इस्तंबूल जिंकून चारशे वर्षं झाली तरी सरकारी कागदावर कॉन्स्टँटिनोपलच.

आता पार्सल नंबर एक. १९१५ साली सुलतान पाचवा मेहमद रशाद याने काढलेलं हार्ब मदाल्यासी, म्हणजे युद्ध पदक. लाल पंचकोनी तारा, खाली चंद्रकोर, मध्ये तुघरा आणि १३३३. जर्मन लोक त्याला आयसर्नर हाल्बमोंड म्हणजे लोखंडी चंद्रकोर म्हणतात, इंग्रज गॅलिपोली स्टार म्हणतात, पण ते फक्त पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईसाठी नव्हतं, सगळ्या आघाड्यांवर वाटलं होतं. सोबतचा कागद तुर्की नव्हता, जर्मन होता, टाइपरायटरवर टाइप केलेला अर्धा पान, खाली गोल शिक्का आणि सही. तुर्कांबरोबर लढलेल्या जर्मन माणसाला दिलेला. नवीन माणसाने सुरुवात करायची तर मी म्हणेन इथूनच करा, कारण कागद रोमन लिपीत, डिक्शनरी घेऊन बसलात तर संध्याकाळपर्यंत वाचून होतो. किंमतही झेपण्यासारखी, कुरियर धरून मला साधारण अठरा हजार पडले.

पण माझं मन अडकलं ते कागदातल्या एका शब्दात. सहावं सैन्य, इराक. आता आठवा बघू, इराकमध्ये तुर्कांच्या सहाव्या सैन्यासमोर कोण होतं. सहावी पूना डिव्हिजन! कूतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली ती हीच डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, सगळे मिळून सुमारे तेरा हजार माणूस कैदेत गेला आणि त्यातले किती परत आले ते वाचवत नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांत आजही लोकांच्या घरी कूतचं नाव निघतं. तुर्की सेनापती हलील पाशा याने तर पुढे आडनावच 'कूत' घेतलं. तर असा तो लाल तारा माझ्या टेबलावर, आणि तो ज्याच्या छातीवर होता तो माणूस बहुतेक आपल्याच गावच्या पोरांच्या समोरच्या खंदकात. मी अर्धा तास नुसता बसून होतो. बायको म्हणाली चहा गार झाला, आणि हे घरात आणायलाच हवं होतं का? तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

पॅकिंग पहिल्या पार्सलाचं उत्तम. मेडल वेगळ्या डबीत, कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट. वर्णनात लिहिलं होतं तेच निघालं. एकच चूक होती, पण ती चूक बरेच विक्रेते करतात म्हणून इथे सांगतो. त्यांनी १३३३ म्हणजे १९१७ असं लिहिलं होतं. तुर्कांकडे तेव्हा दोन कॅलेंडरं चालू होती, एक हिजरी आणि एक रूमी, सरकारी हिशेबाचं. रूमी १३३३ म्हणजे १९१७, पण हिजरी १३३३ म्हणजे १९१४-१५, आणि मेडलावरचं साल हिजरी आहे. शिवाय ते पदक सुरू झाल्याचं साल आहे, माणसाला मिळाल्याचं नाही, मिळाल्याची तारीख कागदावर. आपण जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनात ५९९ मिळवून इसवी सन काढणारी माणसं, आपल्याला हे गणित कठीण नाही, पण दुकानदाराला हे माहीत नसावं याचं आश्चर्य वाटलं.

पार्सल नंबर दोन. इथे आमचं बिनसलं.

मेजिदिये. सुलतान अब्दुलमजीदने १८५१ च्या सुमारास सुरू केलेलं निशाण, पाच दर्जे, क्रिमियाच्या युद्धात इंग्रज आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना भरभरून दिलं. दिसायला देखणं असतं, सात टोकांचा चांदीचा तारा, टोकांच्या मधल्या जागेत छोटे चंद्र आणि चांदण्या, मध्ये तुघरा, भोवती लाल मीन्याच्या पट्टीत तीन शब्द: हमियत, गैरत, सदाकत. साल १२६८. रिबन लाल, कडा हिरव्या. (उस्मानिये म्हणून दुसरं निशाण आहे, १८६२ चं, त्याची रिबन बरोबर उलटी, हिरवी आणि कडा लाल. बाजारात या दोघांच्या रिबनी सर्रास अदलाबदल केलेल्या सापडतात, वर्णन वाचण्याआधी रिबन बघा.)

वेबसाइटवर लिहिलेलं, मेजिदिये पाचवा दर्जा, मूळ बेरातसह, एकाच कुटुंबातून आलेलं. बेरातीवर तुघरा दुसऱ्या अब्दुलहमीदचा होता, उजव्या अंगाला 'अल-गाझी' लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि मेडलवर अब्दुलमजीदचा. एका ओळखीच्या संग्राहक काकांनी फोटो बघून ताबडतोब सांगितलं, बनावट आहे, तुघरे जुळत नाहीत. तर ते तसं नसतं. मेजिदियेवर ज्याने निशाण काढलं त्याचाच तुघरा कायम राहिला, पुढे कितीही सुलतान आले तरी, बेरातीवर मात्र त्या वेळी गादीवर असलेल्याचा. उलट बेरात १८८० नंतरची आणि वर अब्दुलमजीदचा तुघरा असता तर मी पळून गेलो असतो. म्हणून घेतलं. बेचाळीस हजार. घरी आकडा तीस सांगितला, हे इथे वाचून घरी कळलं तर कळू दे आता.

आल्यावर भिंग लावून बसलो. कागद अस्सल, त्याबद्दल शंकाच नाही, घोटलेला गुळगुळीत कागद, शाईत बोरूचा जाड-बारीक फेर दिसतो, आणि शाईवर ठिकठिकाणी सोनेरी भुकटीचे कण चिकटलेले. प्रिंटरवर छापलेल्या नकली बेराती मी पाहिल्यात, भिंगाखाली ठिपके दिसतात आणि चहाच्या पाण्याचा वास येतो म्हटलं तरी चालेल. हे तसलं नव्हतं. पण मी दर्ज्याचा शब्द शोधायला लागलो, तो मजकूराच्या शेवटाकडे असतो, 'अमुक रुत्बेतून एक निशाण'. पाचवा म्हणजे बेशिंजी. ज्यांनी इराणी लोकांचा सोंगट्यांचा खेळ पाहिलाय त्यांना 'शेश-बेश' माहीत असेल, त्यातला बेश म्हणजे तुर्कीतला पाच. मला 'बे' कुठे दिसेना. दाल, रे, दाल. दोर्दुंजी. चौथा!

विश्वास बसेना म्हणून इस्तंबूलच्या एका इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्कॅन पाठवला, तो ऑनलाइन उस्मानी कागद वाचून देतो, पानाला बाराशे-पंधराशे रुपये पडतात आणि दोन दिवसांत उत्तर. त्याच्या कामाला पाचपैकी पाच, डोळे मिटून. त्याने ओळ-ओळ लिहून पाठवली, हिजरी १३०५, म्हणजे १८८७-८८, त्राब्झोनच्या तार खात्यातला एक अधिकारी, चांगल्या सेवेबद्दल मेजिदियेचा चौथा दर्जा. आणि माझ्याकडच्या मेडलला साधी रिबन. चौथ्या दर्ज्याच्या रिबनीवर कापडी फूल असतं, पाचव्याला नसतं, आणि बिल्लाही लहानच होता, म्हणजे मेडल खरंच पाचव्या दर्ज्याचं. कागद एका माणसाचा, मेडल दुसऱ्याच कुणाचं. दोन्ही अस्सल, पण लग्न दुकानदाराने लावून दिलेलं.

अशी जोडलेली जोडपी या धंद्यात ढिगाने आहेत. सुटं मेडल एका किमतीला जातं, सुटी बेरात एका किमतीला, पण दोन्ही एका फ्रेममध्ये ठेवून 'कुटुंबाकडून' असं लिहिलं की किंमत दोघांच्या बेरजेपेक्षा वर जाते. पाश्चात्त्य गिऱ्हाइकाला कागद वाचता येत नाही, दुकानदारालाही येत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मी मेल टाकला. उत्तर दोन दिवसांत आलं हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, पण उत्तर काय, तर आम्हाला असंच एकत्र मिळालं होतं, आम्ही लिपी वाचत नाही, दर्ज्याची हमी आम्ही देत नाही. मग वर्णनात पाचवा दर्जा लिहिलं कशाच्या जोरावर? मी वाचून घेतलेला मजकूर जोडून परत मेल टाकला, चार मेल झाले, शेवटी पाव किंमत परत केली. माल परत पाठवायचा पर्याय होता, पण परतीचं कुरियर, विमा, इकडचा भरलेला टॅक्स हे सगळं धरलं तर माझाच तोटा. आणि खरं सांगू, तो तारवाला माणूस मला परत पाठवावासा वाटेना. त्याची बेरात मी ठेवली, वेगळ्या फाइलमध्ये. मेडल कपाटात दुसऱ्या कप्प्यात. आता चौथ्या दर्ज्याचं सुटं मेजिदिये शोधून त्या कागदाशेजारी ठेवायचा मोह होतो अधूनमधून, पण मग मी आणि दुकानदार यांच्यात फरक तो काय राहिला.

या गोष्टीनंतर खरं म्हणजे दुकान सोडायचं, पण तिसरं पार्सल मागवलंच, कारण फर्मान होतं आणि या वेळी फोटो इतका मोठा मागितला की विकत घ्यायच्या आधीच अर्धं वाचून झालं.

शीर-ओ-खुर्शीद, सिंह आणि सूर्य. फतह अली शहाने १८०८ मध्ये परदेशी पाहुण्यांच्या सन्मानासाठी सुरू केलेलं निशाण. मराठी माणसाने या निशाणाकडे जरा निरखून बघावं, कारण सुरुवातीच्या मानकऱ्यांत एक नाव आहे जॉन माल्कम, त्याला १८१० मध्ये मिळालं. तोच माल्कम, ज्याने १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव केला, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला शरण घेतलं, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर महाबळेश्वर वसवलं, माल्कम पेठ त्याच्याच नावाची. म्हणजे बाजीराव शरण आले तेव्हा समोरच्या माणसाच्या नावावर इराणच्या शहाचा सिंह आधीच लागलेला होता. इराणमध्ये बटाटा यानेच नेला असं म्हणतात. आपल्याकडून काय नेलं ते सर्वांना माहीत आहे.

इराणचा आणि आपल्याकडच्या फौजांचा दुसरा संबंध १८५६-५७ च्या युद्धाचा, मुंबईहून गेलेली फौज, ८ फेब्रुवारी १८५७ ची खुशाबची लढाई. पूना हॉर्स या घोडदळाच्या झेंड्याच्या टोकाला जो चांदीचा पंजा आहे तो तिथे इराण्यांकडून घेतलेला, त्यावर फारसी-अरबी अक्षरं आहेत. पंजा ज्यांच्याकडून आणला त्यांच्याच राजाचा कागद आता माझ्या घरी, एवढं कारण मला पैसे खर्च करायला पुरतं.

माझं फर्मान नासिरुद्दीन शहाचं. शव्वाल १३०६, म्हणजे १८८९ चा जून, शहा तिसऱ्यांदा युरोपच्या दौऱ्यावर होता तेव्हाचं, आणि या दौऱ्यांत निशाणं खिरापतीसारखी वाटली गेली हे सर्वज्ञात आहे. माझं एका रेल्वेच्या अधिकाऱ्याला दिलेलं. बहुतेक शहाची गाडी वेळेवर सोडली असणार, दुसरं काय. वर शहाची मोहर, मोहरेत साल १२६४. इथे परत तोच घोटाळा होतो, ते साल गादीवर बसल्याचं, फर्मानाचं नाही, आणि वेबसाइटवर फर्मान १८४८ चं म्हणून टाकलं होतं! मोहरेतल्या ओळींचा भाव असा की नासिरुद्दीनच्या हाताने राजमुद्रा घेतल्यापासून न्यायाची कीर्ती चंद्रापासून खालच्या माशापर्यंत पोचली, फारसीत माह आणि माही, श्लेष छान जमलाय. खाली हिजरी तारखेसोबत प्राण्यांच्या चक्रातलं वर्षही दिलंय, ऊद-ईल, बैलाचं वर्ष. १८८९ ला बैलच येतो, मी मोजून पाहिलं. नकली कागद करणारा बहुतेक इथेच फसतो, हिजरी साल बरोबर लिहितो आणि जनावर चुकीचं टाकतो.

आणि वाचायला तुर्कीपेक्षा कितीतरी सोपं, म्हणजे लिपी शिकस्ता, फारसीतली घाईची वळणदार, डोळे फुटतात, पण शब्द आपले. निशान, दर्जा, चहारम, फर्मान. मोहरेजवळ 'सह' असं लिहितात, बरोबर आहे या अर्थी, त्याच कुळातली आपली 'सही', जी आपण बँकेत रोज करतो. पाठीमागे कारकुनांच्या छोट्या मोहरा, नोंद झाल्याच्या. पेशवे दफ्तरातले कागद ज्यांनी उलटून पाहिलेत त्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

मेडलचा सिंह मात्र फजितीचा. बसलेला आहे, हातात तलवार नाही, म्हणजे मुलकी माणसाचा, ते कागदाशी जुळतं. पण मीनाकाम करणाऱ्याने आयुष्यात सिंह पाहिलेला नसावा, चेहरा आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यासारखा. यात खोट नाही, शहाकडून बऱ्याचदा नुसतं फर्मान यायचं आणि बिल्ला मानकऱ्याने स्वतःच्या खर्चाने युरोपातल्या जवाहिऱ्याकडून करून घ्यायचा, म्हणून प्रत्येक सिंहाची जात वेगळी. पण याचाच दुसरा अर्थ असा की इराणी जोडीत कागद आणि बिल्ला मुळातले एकत्र आहेत हे सिद्ध करणं तुर्कीपेक्षाही अवघड. दर्जा जुळतो, मुलकी-लष्करी जुळतं, जुन्या डबीत दोन्ही बसतात, इतपत मी मानतो.

या वेळी पॅकिंगमध्ये घाण केली होती. फर्मान प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सरळ सेलोटेपने पुठ्ठ्याला चिकटवलेली, टेपची कड कागदाच्या समासापासून दोन मिलिमीटरवर. ब्लेडने कापताना माझे हात थरथरत होते. याचे मार्क कापणार.

कुरियरवाल्यांचा दर वेळी फोन येतो, मेडल म्हणजे काय, सोनं आहे का, केवायसी द्या, किंमत एवढी का. इन्व्हॉइसवर स्पष्ट लिहायला सांगा, जुनं चांदीचं पदक आणि जुना कागद, साल आणि किंमत खरी. कमी किंमत दाखवू का असं दुकानदार विचारतो, नाही म्हणा, पार्सल हरवलं तर विमा तेवढाच मिळतो. आणि इस्तंबूलला फिरायला गेलात तर कापाली चार्शीत, म्हणजे तिथल्या जुन्या छताच्या बाजारात, चकचकीत मेडल बघून हुरळून जाऊन बॅगेत टाकू नका, तुर्कस्तानात पुरातन वस्तूंचा २८६३ नंबरचा कायदा कडक आहे, विमानतळावर सुट्टीचा विचका होईल. तिथे हार्बियेचं लष्करी म्युझियम बघा, पोटभर मेडलं आहेत, फुकट डोळे निवतात. तिकीट आहे, पण तुम्हाला कळलं.

पावसाळ्यात ठाण्यासारख्या ठिकाणी कागद सांभाळणं हे वेगळंच काम आहे. फ्रेम करून भिंतीवर लावलं तर बुरशी. मी ॲसिड नसलेल्या कागदाच्या फोल्डरात सपाट ठेवतो, जवळ सिलिका जेल, महिन्यातून एकदा उघडून हवा. आमच्या मामांनी मनापासून सुचवलं होतं की लॅमिनेट करून घे, कायमचं टिकेल. मामांना तेव्हापासून कपाटाची चावी कुठे असते ते सांगितलेलं नाही.

तर दुकानाला पाचपैकी तीन. माल अस्सल असतो, उत्तर देतात, पैसे अडवत नाहीत, पण त्यांना स्वतःला वाचता येत नाही आणि तरीही वर्णनं छातीठोकपणे लिहितात. त्यांच्याकडून घ्यायचंच तर कागदाचा मोठा फोटो मागा, दर्ज्याचा शब्द आणि तारखेची ओळ आधी कुणाकडून तरी वाचून घ्या, मग बोली लावा.

पुढच्या महिन्याच्या लिलावात हिजाझ रेल्वेचं निकेलचं मेडल आलंय, वर छोटं इंजिन आहे. दमास्कस ते मदिना ही लाइन १९०० ते १९०८ मध्ये बांधली तेव्हा वर्गणीदारांना देणगीच्या आकड्याप्रमाणे निकेल, चांदी, सोन्याची मेडलं दिली होती आणि हिंदुस्तानातूनही भरपूर वर्गणी गेली होती, हैदराबादकडून विशेष. सोबत बेरात आहे असं लिहिलंय. फोटोत फक्त वरचा तुघरा दिसतो, खालचा अर्धा भाग फ्रेमच्या सावलीत. मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.